वीस जीबीची मोळी

बबल सॉर्ट लिहिला नाही असा एकही जण आपल्या हॉस्टेलवर सापडणार नाही. कॉम्प्युटरवाले तर सोडाच, मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनीसुद्धा फर्स्ट इयरला दहा आकडे घेऊन तो लिहिलेला असतो, जर्नलमध्ये उतरवलेला असतो आणि व्हायवाच्या आदल्या रात्री पुन्हा पाठ केलेला असतो. सेकंड इयरला त्याचे भाऊबंद भेटतात. क्विक, हीप, मर्ज वगैरे. एक्स्टर्नल सरांनी "कॉम्प्लेक्सिटी सांगा" म्हटलं की आपण "एन लॉग एन" म्हणून मोकळे होतो. सरही मान डोलावतात, कारण त्यांचीही चहाची वेळ झालेली असते.

पण मित्रहो, त्या दहा आकड्यांच्या जागी एकेचाळीस कोटी ओळी आल्या आणि मशीनमध्ये रॅम दोनच जीबी असली, तर काय होतं? हे मला फायनल इयरच्या प्रोजेक्टनं शिकवलं. खरं म्हणजे थोडं प्रोजेक्टनं आणि थोडं आमच्या आण्णांनी.

आण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कराडच्या पुढं, कृष्णाकाठी. आण्णांकडे एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत. हंगाम सुरू झाला की ते ऊस वाहतुकीला जातात. ज्यांनी साखर कारखाना फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलाय (आमच्या हॉस्टेलवर मुंबई-नागपूरची मंडळी बरीच आहेत) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फडात टोळी ऊस तोडते, मोळ्या बांधते, ट्रॉली भरते. भरलेली गाडी कारखान्यावर येते आणि नंबर घेऊन यार्डात उभी राहते. नंबर आला की काट्यावर वजन होतं आणि मग ऊस गव्हाणीत पडतो. गव्हाण म्हणजे ऊस आत ओढून नेणारा तो मोठा पट्टा. तिथून पुढं कटर, मिल, रस आणि साखर.

आता गंमत अशी, की वाहतुकीचे पैसे मिळतात टनावर आणि अंतरावर. यार्डात थांबण्याचे काहीच मिळत नाहीत. गाडी अडकली की तिकडं फडात टोळी बसून राहते, कारण तिलाही पैसे टनावरच. शिवाय तोडलेला ऊस तसाच पडून राहिला की वाळतो, वजन घटतं, आतली साखरही कमी व्हायला लागते. म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत ऊस गाळला जावा असं म्हणतात. म्हणजे एक गाडी उगाच थांबली, तर ड्रायव्हर, टोळी, शेतकरी आणि कारखाना असं चौघांचंही नुकसान.

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी आण्णांबरोबर यार्डात मुक्काम केलेला आहे. उसाच्या ट्रॉलीखाली पोतं अंथरून, वर चादर घेऊन झोपायचं. रात्री कधीतरी पुढची गाडी हलली की आण्णा उठून ट्रॅक्टर चार हात पुढं घ्यायचे. मळीचा तो वास अजूनही आला की मला झोप येते. (लेक्चरला येते ती वेगळी.)

म्हणूनच प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी विषय घेतला, 'ऊस वाहनांचा यार्डातील थांबण्याचा कालावधी'. गाईड सर म्हणाले, "डेटा कुठून आणणार?" डेटा होता. आमच्याच भागातल्या एका कारखान्यानं वाहनांना जीपीएस लावले होते आणि तिथल्या शेती खात्यातले एक साहेब मदतीला तयार झाले. त्यांनी एका हार्ड डिस्कवर एकच फाइल दिली. १ नोव्हेंबर २०२२ ते २८ फेब्रुवारी २०२३, एकूण १२० दिवस, ४०० वाहनं. दर दहा सेकंदाला एक नोंद, मग गाडी चालू असो की उभी. नोंदीत गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश आणि वेग.

करा हिशेब. एका गाडीच्या दिवसाला ८,६४० नोंदी. ४०० गाड्यांच्या साडेचौतीस लाखांच्या वर. १२० दिवसांच्या जवळजवळ साडेएकेचाळीस कोटी. एका ओळीत साधारण ४८ अक्षरं. झाली वीस जीबी!

बरं, फाइल क्रमानं असती तरी निभावलं असतं. पण फडात मोबाइलला रेंज नसते. तिथं ते यंत्र नोंदी स्वतःजवळ साठवून ठेवतं आणि रेंजमध्ये आलं की सगळ्या एकदम पाठवतं. त्यामुळं फाइलमध्ये नोंदी होत्या त्या कारखान्यावर पोचल्याच्या क्रमानं. एमएच पन्नासची कालची नोंद, मग एमएच दहाची आत्ताची, मग एमएच अकराची परवाची. एखादी गाडी यार्डात कधी आली आणि कधी गेली हे काढायचं, तर आधी सगळ्या ओळी गाडीप्रमाणं आणि मग वेळेप्रमाणं लावून घ्यायला हव्यात. म्हणजे सॉर्ट.

मशीन होतं डिपार्टमेंटनं मोडीत काढायला बाजूला ठेवलेलं. लॅबमधल्या मामांनी धूळ झटकून दिलं, सरांनी सही केली आणि ते आमच्या रूमवर आलं. दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची डिस्क, वर लिनक्स. माझा रूम पार्टनर बार्शीचा, म्हणून त्याचं नाव 'बार्शी'. तो म्हणाला, "एवढ्याशा डबड्यावर वीस जीबी? क्लाउडवर टाक की." मी त्याला हॉस्टेलच्या वायफायवर वीस जीबी अपलोड करून दाखव म्हटलं. विषय संपला.

पहिला प्रयत्न आपण सगळे करतो तोच केला. पायथन, त्यात पांडास, एका ओळीत फाइल वाचायची आणि दुसऱ्या ओळीत सॉर्ट करायची. एंटर मारला. माउस थांबला. घड्याळ थांबलं. डिस्कचा दिवा नुसता पेटून राहिला. रॅम भरल्यावर बिचारं मशीन रॅममधलं डिस्कवर आणि डिस्कवरचं रॅममध्ये असं करत बसलं होतं. पंचवीस मिनिटांनी पडद्यावर एकच शब्द उमटला, 'किल्ड'. मेमरी संपली म्हणून कर्नलनंच माझा प्रोग्रॅम मारला होता.

दुसऱ्या दिवशी बार्शीला आठवलं की युनिक्समध्ये सॉर्ट नावाची कमांडच असते. त्यानं उत्साहानं टाइप केलं आणि आउटपुटला मूळ फाइलचंच नाव दिलं. मी त्याचा हात धरला म्हणून वाचलो. बाणाचं चिन्ह देऊन आउटपुट त्याच फाइलमध्ये वळवलं, तर शेल आधी ती फाइल रिकामी करतं आणि मग सॉर्टला बोलावतं. सॉर्ट बघतं तर फाइलमध्ये काहीच नाही. त्याचं काम क्षणात संपतं आणि आपलं कायमचं! त्याच नावात उत्तर हवं असेल तर 'मायनस ओ' वापरायचा, कारण सॉर्ट सगळं वाचून झाल्यावरच लिहायला घेतं. (तरीही मूळ प्रत बाजूला ठेवाच.)

वेगळं नाव देऊन कमांड सुरू केली. या वेळी माउस हलत होता, मशीन जिवंत होतं. आम्ही खुशीत मेसला गेलो. दीड तासानं परत आलो तर पडद्यावर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क भरली? तीनशे जीबी मोकळी असताना? तपासलं तर सगळीकडं जागाच जागा. बार्शी म्हणाला, "भूत आहे रे यात."

भूत नव्हतं. मॅन्युअल न वाचल्याची शिक्षा होती. त्या रात्री मी पहिल्यांदा सॉर्टचं मॅन पेज नीट वाचलं. आणि वाचता वाचता मला आमच्या कारखान्याचं यार्ड दिसायला लागलं.

सांगतो कसं. कारखाना काय सगळा ऊस एकदम गाळतो? गव्हाणीची रुंदी ठरलेली असते. यार्डात शंभर गाड्या असोत की पाचशे, गव्हाणीत एका वेळी मावेल तेवढाच ऊस पडणार. बाकीचा बाहेर उभा. सॉर्टही हेच करतं. रॅम ही त्याची गव्हाण, डिस्क हे त्याचं यार्ड. रॅममध्ये मावेल एवढ्याच ओळी ते आत घेतं, तेवढ्या क्रमानं लावतं आणि तो तुकडा एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. मग पुढच्या ओळी, पुढचा तुकडा. असं करत फाइल संपली की हाताशी राहतात पाचपन्नास तुकडे, प्रत्येक आपापल्यापुरता क्रमानं लावलेला.

आता हे तुकडे एकत्र कसे करायचे? पुन्हा सगळं रॅममध्ये आणायची गरज नाही. इथं कारखान्याचा गेटवाला आठवा. बैलांच्या टायरगाड्यांची रांग वेगळी, ट्रॅक्टरची वेगळी, ट्रकची वेगळी. समजा प्रत्येक रांग नंबरानं लागलेली आहे आणि काट्यावर नंबरानंच गाड्या सोडायच्या आहेत. गेटवाल्याला अख्खं यार्ड फिरायला लागतं का? नाही. त्यानं फक्त प्रत्येक रांगेतल्या पहिल्या गाडीचा नंबर बघायचा. सगळ्यात लहान नंबर कुणाचा, ती गाडी सोडायची. तिच्या मागची पुढं आली की पुन्हा तेच. यार्डात हजार गाड्या असल्या तरी त्याच्या डोक्यात एका वेळी तीनच नंबर! यालाच मर्ज म्हणतात, आणि म्हणूनच वीस जीबीच्या मर्जला वीस जीबी रॅम लागत नाही. प्रत्येक तुकड्याचं तोंड दिसलं की पुरे.

अट एकच. प्रत्येक रांग आतून सरळ पाहिजे. मध्येच कुणी गाडी घुसवली तर गेटवाल्याचा सगळा हिशेब चुकतो. सॉर्टला 'मायनस एम' देऊन नुसतं मर्ज करायला सांगितलं तर ते आपल्यावर विश्वास ठेवतं, रांग तपासत बसत नाही. तपासायची तर 'मायनस सी' वेगळा आहे.

आणि ते भूत? सॉर्ट आपले तुकडे मुकाट्यानं टेम्प डिरेक्टरीत ठेवतं. आमच्या मशीनवर ती होती छोट्या पार्टिशनमध्ये, तिथं मोकळी जागा पंधरा जीबी. मोठं मैदान शेजारी रिकामं असताना सगळ्या गाड्या छोट्या यार्डात कोंबल्या होत्या. यार्ड भरलं, सॉर्ट थांबलं आणि जाताना शहाण्या मुलासारखं आपला पसारा आवरून गेलं. म्हणून आम्ही बघेपर्यंत जागा पुन्हा मोकळी!

हे सगळं काल-परवाचं नाही बरं का. मर्ज सॉर्टचा प्रोग्रॅम जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली लिहिला, तोही एडव्हॅक हे यंत्र तयार होण्याच्या आधी. १९७१ च्या युनिक्सच्या अगदी पहिल्या मॅन्युअलमध्ये सॉर्ट कमांड आहे. त्या वेळी बेल लॅबमध्ये युनिक्स ज्या पीडीपी-११ वर चाललं, त्याची मेमरी होती २४ किलोबाइट. त्यातले १६ सिस्टिमचे आणि उरलेले ८ वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमला. आठ किलोबाइट! आपल्या लीव्हच्या अर्जाची वर्ड फाइल त्यात मावत नाही. १९७३ साली डोनाल्ड क्नुथ यांच्या ग्रंथमालेचा तिसरा खंड आला, तो सगळा सॉर्टिंग आणि सर्चिंगवर. त्यात चुंबकीय टेपवरचे तुकडे कसे मर्ज करायचे यावर पानंच्या पानं आहेत. मोठ्या कंपन्याही आज वेगळं काही करत नाहीत. गूगलनं २००८ मध्ये एक टेराबाइट डेटा ६८ सेकंदांत सॉर्ट केला, पण तो हजार मशीनवर वाटून. पद्धतीचा गाभा तोच. मावेल तेवढं घे, क्रमानं लाव, मग जुळव. रॅम कमी असणं ही आमच्या डबड्याची लाज नव्हती. ही पद्धत जन्मालाच आली मुळी कमी रॅमसाठी.

तर तिसऱ्या रात्री कमांड नीट दिली. 'मायनस कॅपिटल एस'नं सांगितलं, रॅममधली एक जीबीच वापर, बाकी मशीनला राहू दे. 'मायनस कॅपिटल टी'नं दाखवलं, तुझं यार्ड मोठ्या पार्टिशनवर. यार्डात जागा किती लागणार याचा अंदाजही आधी घेतला. मूळ फाइल वीस, तुकडे वीस, उत्तर वीस, म्हणजे साठ जीबी हाताशी पाहिजेत. एक जीबीच्या रॅममध्ये एक जीबी मजकूर मात्र मावत नाही, कारण प्रत्येक ओळीमागं सॉर्टला स्वतःची थोडी टिपणं ठेवावी लागतात. आमचे तुकडे झाले चाळीसच्या आसपास. सॉर्ट एरवी एका वेळी सोळाच तुकडे जुळवतं, म्हणजे मर्जच्या दोन फेऱ्या झाल्या असत्या. बॅच साइज पन्नास दिला आणि एका फेरीत काम झालं.

आणखी एक. कमांडच्या आधी एलसी-ऑल बरोबर सी असं लिहिलं. याचा अर्थ, भाषेचे नियम लावत बसू नकोस, सरळ बाइटची बाइटशी तुलना कर. वेग खूप वाढतो. आकडे आणि इंग्रजी अक्षरांना हे चालतं, पण मराठी गावांच्या यादीला जपून वापरा. युनिकोडमध्ये 'ळ' बसलाय 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये. त्यामुळं ही पद्धत पलूस, पळशी, पसरणी असा क्रम लावते. आपण शाळेत शिकलो त्या मुळाक्षरांत 'ळ' येतो 'ह' नंतर, म्हणजे पळशी शेवटी हवं. मशीनचा क्रम आणि माणसाचा क्रम एकच असेल असं नाही. हे वाक्य मी तेव्हा प्रोजेक्टच्या वहीत लिहूनही ठेवलं. अर्थ कळला नंतर.

एक तास वीस मिनिटांत फाइल सॉर्ट झाली. आम्ही दोघांनी रात्री एक वाजता भडंगाची पुडी फोडली.

पुढचा हिशेब सोपा होता. एकदा क्रम लागला की एका गाडीच्या नोंदी एकमेकींच्या शेजारी येतात. यंत्रानं चुकून दोनदा पाठवलेली ओळसुद्धा आपल्या जुळ्या बहिणीशेजारी येऊन बसते, ती सहज काढता येते. मग फाइल वरून खाली एकदा वाचायची, मागची ओळ तेवढी लक्षात ठेवायची. यार्डाच्या हद्दीत पहिली नोंद कधी, शेवटची कधी, वजाबाकी केली की थांबा. दोन ओळींत तासापेक्षा जास्त अंतर पडलं तर नवा थांबा धरायचा. उत्तर आलं, सरासरी थांबा ५ तास १० मिनिटं. आलेख काढले, रिपोर्ट टाइप केला, सरांनी "व्हेरी गुड" म्हटलं. बाइंडिंगला टाकायच्या आधी शनिवार-रविवार घरी जाऊन येऊ म्हणून आष्टामार्गे कराडची गाडी पकडली.

हंगाम संपला होता. आण्णा अंगणात ट्रॉलीचं पाटं बदलत होते. मी कौतुकानं रिपोर्ट उघडून दाखवला.

"काय म्हनतूय तुजा कंप्युटर?"

"आण्णा, यार्डात गाडी सरासरी पाच तास थांबते."

त्यांनी पाना खाली ठेवला. "पाच? कुठल्या कारखान्यात रं?"

"आपल्याच. चारशे गाड्यांचा हिशेब आहे. एकेचाळीस कोटी नोंदी आहेत."

"आसतील. आन् सगळ्यात जास्त थांबल्याली गाडी?"

मी पान उलटलं. "तेवीस तास, काही मिनिटं."

आण्णा हसले. मग हसायचे थांबले. "डिसेंबरात मशीन बिघाडलं तवा मी दीड दीस यार्डात हुतो. तुज्या आईनं दोनदा डबा लावून दिला हुता. त्ये कुठं हाय ह्यात?"

ते कुठंच नव्हतं. चारशे गाड्या, एकशेवीस दिवस आणि एकही थांबा चोवीस तासांच्या वर नाही! हे मला आधी दिसायला हवं होतं. सरांनाही दिसलं नाही, बार्शीलाही नाही. दिसलं ते ज्यानं यार्डात रात्र काढली त्याला.

चूक काय होती ते जेवताना लक्षात आलं आणि घास तसाच राहिला. फाइलमध्ये तारीख होती आपण लिहितो तशी. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. पण सॉर्ट डावीकडून अक्षरं वाचतं. त्याच्या लेखी पाच जानेवारी, पाच फेब्रुवारी, पाच नोव्हेंबर, पाच डिसेंबर हे एकाखाली एक. आणि पाच डिसेंबरच्या रात्री बारानंतर येत होता सहा जानेवारी! एका दिवसाच्या आत सगळा क्रम बरोबर, म्हणून वरवर बघताना काही खटकत नव्हतं. मोडत होतं ते फक्त मध्यरात्री. रात्री दहाला आलेली आणि सकाळी नऊला सुटलेली गाडी अकरा तास थांबलेली असते. माझ्या हिशेबात तिचे दोन थांबे व्हायचे, एक दोन तासांचा आणि एक नऊ तासांचा. जेवढी रात्र मोठी, तेवढा तिचा तुकडा पडत होता. यार्डात थंडीत कुडकुडत काढलेल्या सगळ्या रात्री माझ्या प्रोग्रॅमनं बरोबर बारा वाजता कापून टाकल्या होत्या. आणि तो रिपोर्ट तसाच साहेबांच्या टेबलावर गेला असता तर? सरासरी पाच तास म्हणजे फार वाईट नाही, असं म्हणून तो कपाटात गेला असता. तोही ट्रॅक्टरवाल्याच्या पोराच्या सहीनं.

रविवारची संध्याकाळची एसटी धरून परत आलो. दुरुस्ती दोन ओळींची होती. ऑकनं प्रत्येक ओळीतली तारीख उलटी करून घ्यायची, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि ती ओळ पाइपमधून थेट सॉर्टकडं सोडायची. ऑक एका वेळी एकच ओळ बघतं, त्यामुळं त्याला रॅम लागत नाही आणि मध्ये आणखी एक वीस जीबीची फाइलही तयार होत नाही. पुन्हा तेवढाच वेळ, पुन्हा चाळीस तुकडे, पुन्हा मर्ज.

नवी सरासरी आली ८ तास ४० मिनिटं. चोवीस तासांच्या वरचे थांबे निघाले. त्यात डिसेंबरमधला एक, आमच्याच ट्रॅक्टरचा, ३७ तासांचा. मी आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "व्हय, दोन डबं. दुसऱ्या डब्यात पिठलं हुतं." मी तो आकडा रिपोर्टमध्ये गडद केला.

सरांना सगळं खरं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चुकीचं प्रकरण रिपोर्टमधून काढू नकोस. आधीचं उत्तर, नंतरचं उत्तर आणि चूक कुणी पकडली, तिन्ही लिही." म्हणून आमच्या रिपोर्टच्या आभाराच्या पानावर गाईड, एचओडी आणि लॅबमधल्या मामांच्या बरोबरीनं आण्णांचं नाव आहे. बाइंडिंगवाल्यानं विचारलं होतं, "हे कोणत्या कंपनीचे?"

कारखान्याच्या साहेबांनी रिपोर्ट ठेवून घेतला. वाचला, काही प्रश्न विचारले, रात्रीचे नंबर वेगळ्या पद्धतीनं द्यायचा विचार करू म्हणाले. एवढ्यावर मी खूश होऊन घरी फोन केला.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी आता रांग कमी हुनार का?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. फाइल सॉर्ट झाली होती, रांग नाही. तसं मी त्यांना सांगितलं.

"आसू दे," ते म्हणाले. "निदान थांबलो हुतो ह्ये तरी कुणी लिवलं."

असो. सबमिशन झालं, ग्रेडही बरी मिळाली. ते डबडं अजून रूमवरच आहे, मामा न्यायला आले नाहीत आणि आम्हीही आठवण केलेली नाही. ज्युनिअर मंडळींपैकी कुणाला मोठी फाइल सॉर्ट करायची असेल तर खुशाल घेऊन या. दोन जीबीत मावते. फक्त येताना तारखेचा कॉलम बघून या, आणि उत्तर आलं की ते एकदा अशा माणसाला दाखवा ज्याला कॉम्प्लेक्सिटी माहीत नाही, पण यार्ड माहीत आहे.